यादीत मराठी कुठे आहे?

‘ब्लॅक मिथ : वूकाँग’ या चिनी गेमच्या दुसऱ्या प्रकरणात पिवळ्या वाळूच्या डोंगरवाटेवर एक भिक्षू बसलेला भेटतो. त्याच्या धडावर शीर नाही. हातात तीन तारांचं वाद्य आहे आणि तो गातो आहे. उत्तर शान्शी प्रांतातली ही कथागायनाची जुनी, खेडवळ परंपरा. गळा रांगडा, बोली तिथलीच. गेमचा आवाज इंग्रजीवर ठेवलात तरी गाणं इंग्रजीत होत नाही. खाली अर्थ उमटतो, गळा शान्शीचाच राहतो. मी राक्षस मारायचे सोडून तिथे ऐकत उभा राहिलो. हा गेम खेळलेल्या कुणाशीही बोललो की त्या भिक्षूचा विषय निघतोच.

हांगझोऊच्या ‘गेम सायन्स’ स्टुडिओने ऑगस्ट २०२४मध्ये हा गेम आणला आणि तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. जगाला कळावं म्हणून त्यांनी आपला गायक बदलला नाही.

आता आपल्याकडची बाजू. वूकाँगची मूळ कथा ज्या भिक्षूच्या भारतयात्रेवर रचली गेली, तो ह्युएन त्सांग सातव्या शतकात आपल्या प्रदेशात येऊन गेला. दुसऱ्या पुलकेशीचं राज्य त्याने ‘मो-हो-ला-चा’ म्हणून नोंदवलं. इथली माणसं मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं लिहून ठेवलं. लढाईआधी इथे हत्तींना दारू पाजतात, हेही लिहिलं. त्याच्या प्रवासातून चिन्यांनी कादंबरी केली, नाटकं केली, चित्रपट, मालिका, कार्टून केली आणि आता गेम केला. तो जिथे येऊन गेला तिथल्या आपण त्याला शाळेच्या पुस्तकात एक परिच्छेद दिला आणि मोकळे झालो.

या आठवड्यात मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. नव्या गेममध्ये, ॲनिमेमध्ये, कॉमिक्समध्ये आज जे जे उत्तम चाललं आहे ते आपल्या गावचा आवाज न सोडता केलेलं आहे, आणि या सगळ्या गजबजाटात मराठीचा आवाज ऐकू येत नाही. न येण्याची जी कारणं आपल्याला दिली जातात, ती एकेक तपासली तर एकही टिकत नाही.

पहिलं कारण, प्रेक्षक नाही.

‘डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’ हा जपानी ॲनिमे चित्रपट १२ सप्टेंबर २०२५ला भारतात लागला. भल्या पहाटेचे खेळ लागले आणि तेही भरले. भारतात आजवर कुठल्याही ॲनिमे चित्रपटाने एवढा गल्ला जमवला नव्हता. तो कोणकोणत्या भाषांत आला? जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू. २०११च्या जनगणनेचे आकडे बघा : मराठी मातृभाषा सांगणारे ८.३ कोटी, तेलुगू ८.१ कोटी, तमिळ ६.९ कोटी. आपण दोघांहून जास्त आहोत आणि यादीत नाही. ‘शोनेन जम्प’ साप्ताहिक काढणाऱ्या शुएइशाचं ‘मांगा प्लस’ ॲप थाई, इंडोनेशियन आणि व्हिएतनामी भाषांत मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, देतं. मराठीत देत नाही. ८.३ कोटी लोकांच्या भाषेला प्रेक्षक नाही, हे मी ऐकून घेणार नाही.

वितरकांच्या डोक्यात खरं गणित वेगळंच आहे. मराठी माणसाला हिंदी कळतं, म्हणून त्याच्यासाठी वेगळा खर्च कशाला. चेन्नईच्या प्रेक्षकाला हिंदी चालत नाही, म्हणून त्याला तमिळ डब मिळतो. आपण समजूतदारपणे हिंदीत बघतो, म्हणून आपल्याला काहीच मिळत नाही. या समजूतदारपणाचा दंड आपण वर्षानुवर्षं भरतो आहोत.

आणि हिंदी कळण्याने काम भागतं हेही खरं नाही. ‘इन्फिनिटी कॅसल’च्या ऐन मारामारीत चित्रपट थांबतो आणि अकाझा या राक्षसाचं माणूसपण सांगायला लागतो. आजारी बापाच्या औषधासाठी चोऱ्या करणारा पोर. पकडला गेला की हातावर गुन्हेगाराचे पट्टे गोंदले जातात. आपल्यासाठी पोरगा चोर झाला हे सहन न होऊन बाप गळफास घेतो. पुष्कळांनी या भागावर नाक मुरडलं. लढाईचा वेग मोडतो म्हणाले. मला तोच या अडीच तासांच्या चित्रपटाचा गाभा वाटतो. युफोटेबल स्टुडिओच्या चित्रकारांनी तलवारीच्या पाण्याच्या लाटा कितीही देखण्या काढल्या असोत, चित्रपट उभा राहतो तो त्या बापलेकांवर. बापाच्या आजारपणात हात रिकामा असणं म्हणजे काय, हे ज्या घरांमध्ये ठाऊक आहे त्यांच्यातल्या कितीतरी घरांत मराठी बोललं जातं. गडहिंग्लजच्या किंवा गोंदियाच्या दहा वर्षांच्या पोराने ते ‘बाबा’ या हाकेसकट ऐकायला हवं होतं.

डब म्हणजे नुसतं वाक्याला वाक्य लावणं नव्हे, हे मात्र आधीच सांगून ठेवतो. याच मालिकेतला इनोसुके रानडुकरांत वाढलेला आहे. अंगात सदरा नाही, तोंडाला लगाम नाही, समोरच्याचं नाव एकदाही धड घेत नाही. त्याच्या तोंडी पाठ्यपुस्तकातली भाषा घातली तर तो मेला. त्याला कोल्हापूरकडची किंवा वऱ्हाडातली रांगडी बोली द्या आणि बघा काय होतं. नायक तान्जिरोला मात्र तालेवारपणा नसलेली, साधी, सगळ्यांना ‘अहो-जाहो’ करणारी मराठी हवी. तो शत्रूशीसुद्धा मायेने बोलतो. हे काम करणारे आवाज आपल्या नाटकांत, एकांकिका स्पर्धांत आणि आकाशवाणीवर आहेत. त्यांना कुणी बोलावत नाही.

दुसरं कारण, पैसा नाही.

याचं उत्तर फ्रान्समधून आलं. माँपेलिए शहरातल्या ‘सँडफॉल’ स्टुडिओत गाभ्याची तीसेक माणसं. युबिसॉफ्टसारख्या अजस्र कंपनीतून बाहेर पडलेला गियोम ब्रोश त्यांचा दिग्दर्शक. एप्रिल २०२५मध्ये त्यांचा ‘क्लेर ऑब्स्क्यूर : एक्स्पिडिशन ३३’ आला. मोठ्या कंपन्या ७० आणि ८० डॉलर मागत असताना यांनी ५० डॉलरला विकला. डिसेंबरमध्ये ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षाचा सर्वोत्तम गेम हा किताब धरून नऊ पुरस्कार नेले, त्या सोहळ्यात एवढे याआधी कुणालाच मिळाले नव्हते. बाहेरच्या कलाकारांची आणि वादकांची मदत त्यांनी घेतली, पण दृष्टी त्या तीस जणांचीच होती.

गेमची सुरुवात बघा. समुद्रापलीकडे एक राक्षसी शिळा आहे. एक चित्रकर्ती दरवर्षी तिच्यावर एक आकडा रंगवते आणि त्या वयाची माणसं पाकळ्या होऊन विरून जातात. ज्यांचं वर्ष आलं आहे ते गळ्यात फुलांच्या माळा घालून बंदरावर येतात. गुस्ताव आपल्या जुन्या प्रेयसीला तिथवर सोडायला जातो. दोघं साधंच बोलतात, मग ती त्याच्या हातातल्या हातात विरते. अजून एकही खरी लढाई झालेली नसते आणि गेमने तुमचा गळा धरलेला असतो. शहर पॅरिसचंच वाकलेलं, वितळलेलं रूप आहे. पात्रं इंग्रजीत बोलत असताना शिवी फ्रेंचमध्ये हासडतात. कुणीतरी मार्केटिंगवाला त्यांना नक्की सांगू शकला असता की अमेरिकन गिऱ्हाइकाला हे कळणार नाही. त्यांनी ऐकलं नसतं.

‘सिल्कसाँग’चं तेच. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये मोजून तीन जणांची ‘टीम चेरी’. २०१९मध्ये घोषणा, ४ सप्टेंबर २०२५ला गेम हातात, किंमत २० डॉलर. त्या दिवशी स्टीमसकट मोठमोठी ऑनलाइन दुकानं गर्दीने कोलमडली. गेम अवघड आहे, काही ठिकाणी मला तो उगाच निर्दयी वाटतो, पण त्यातला एकेक किडा, एकेक घंटा हाताने काढल्यासारखी आहे.

उलट सोनीने ‘काँकॉर्ड’ या गेमवर पैसा ओतला. २३ ऑगस्ट २०२४ला काढला आणि ६ सप्टेंबरला बंद केला. दोन आठवडे. गिऱ्हाइकांचे पैसे परत दिले, पुढे स्टुडिओही बंद केला. कुणालाही खटकू नये म्हणून घडवलेली पात्रं कुणालाच आवडली नाहीत. त्यामुळे पैसा नाही म्हणून मराठीत गेम होत नाही, हे मला सांगू नका. तीन माणसं आणि सहा-सात वर्षं, एवढ्यात ‘सिल्कसाँग’ झाला.

तिसरं कारण तर चक्क अपमान आहे. म्हणे, आपल्याकडे हे काढणारे हात नाहीत.

‘अमर चित्रकथा’ १९६७मध्ये मुंबईत सुरू झाली. तिचा ‘कृष्ण’ काढला राम वाईरकरांनी. सुप्पंडीही त्यांच्याच हातचा. प्रताप मुळीक आणि दिलीप कदम यांनी या मालिकेत पानंच्या पानं रंगवली, आणि मुळीकांनी पुढे हिंदी पट्ट्यातल्या पोरांना नागराज दिला. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ मराठीत निघत होतं आणि वेताळाची कवटीची अंगठी पिढीच्या पिढीला पाठ होती. त्याच्याही आधी, सिंधुदुर्गातल्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी एकेक चित्राचा कागद धरून, वीणा-टाळ-हुडुकाच्या साथीने रामायण-महाभारत सांगत होते, आजही सांगतात. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रांच्या चौकटीतून गोष्ट पुढे नेण्याची कला आपल्याला जपानकडून आयात करायची नाही.

ज्या गोष्टीची आयात करायची आहे ती म्हणजे धीटपणा. डीसी कॉमिक्सने ऑक्टोबर २०२४मध्ये ‘ॲब्सोल्यूट बॅटमॅन’ सुरू केला. लेखक स्कॉट स्नायडर, चित्रकार निक ड्रगोटा. १९३९पासून गडगंज श्रीमंत असलेल्या ब्रूस वेनची, म्हणजेच बॅटमॅनची, त्यांनी सगळी संपत्ती काढून घेतली. वाडा नाही, नोकर नाही, गुहा नाही. बाप शाळामास्तर होता, आई जिवंत आहे, पोरगा बांधकामातला अभियंता आहे. छातीवरचं वटवाघूळ उपसलं की कुऱ्हाडीचं पातं होतं. ड्रगोटाचा बॅटमॅन दारात मावत नाही एवढा रुंद आहे. ८५ वर्षांच्या पात्राला एवढं हलवायची हिंमत त्यांनी केली आणि अंक हातोहात गेले. आपल्याकडची ऐतिहासिक चित्रपुस्तकं उघडा. पहिल्या पानावर जन्म, शेवटच्या पानावर राज्याभिषेक, मध्ये तात्पर्य. मुलांना इतिहासाची सनावळी कळते. त्या काळात भीती वाटायची तेव्हा माणूस काय करायचा, हे कळत नाही.

‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ हा झेक लोकांचा गेम याबाबतीत आदर्श आहे. दुसरा भाग फेब्रुवारी २०२५मध्ये आला. १४०३चा बोहेमिया, नायक हेन्री हा लोहाराचा पोर. पहिल्या भागात त्याला वाचताही येत नाही. पुस्तक उघडलं की पानावरची अक्षरं उलटीपालटी दिसतात आणि लेखनिकाकडे जाऊन शिकल्याशिवाय ती जुळत नाहीत. अंग धुतलं नाही तर लोक नाक मुरडतात, पोतडीतलं अन्न सडतं. राजे-सरदार कथेत आहेत, पण त्यांच्याकडे आपण खालून बघतो.

मराठी गेम असाच व्हावा. नायक शिवाजी महाराज नकोत. त्यांना बाहुलीसारखं बटणांनी पळवणं मला स्वतःला रुचणार नाही. नायक बहिर्जी नाइकांच्या हाताखालचा एखादा बिननावाचा हेर असावा, किंवा गडाच्या पायथ्याच्या मेटावर पहारा देणारा पोरगा. आणि गेमचे नियम? ते लिहून ठेवलेले आहेत. रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ उघडा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा ग्रंथ आहे. गड बांधायचा तर आधी पाणी बघा. गडाला एकच दरवाजा असणं हा दोष आहे, चोरदिंड्या ठेवा. नुसत्या झऱ्यावर भिस्त ठेवू नका, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात, म्हणून टाकी खोदा. गेम खेळणारा कुणीही हे वाचताना जागेवरून उठेल. तोफ डागावी तर पाणी जातं, न डागावी तर शत्रू चढतो! असा पेच मी कुठल्याही परदेशी गेममध्ये खेळलेलो नाही. हवालदार, सबनीस, कारखानीस अशा अधिकाऱ्यांत गडाचा कारभार वाटलेला असतो. त्यातला फितूर कोण हे शोधण्यात एक अख्खं प्रकरण जाईल. आणि गडाखालच्या गावात कागद धरून गाणारा एक चित्रकथी बसवा. त्याचा आवाज कोकणातलाच ठेवा, भाषांतर करू नका.

हे हवेतलं बोलणं नाही. पुण्यातल्या ‘नॉडिंग हेड्स’ने ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ करून दाखवला. लोकवर्गणीची मोहीम २०१७मध्ये फसली, तरी ते थांबले नाहीत. २०२०मध्ये गेम आला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या विभागात नामांकनापर्यंत गेला. भावाला शोधत निघालेली राजी कसरतवाली आहे, आणि राजस्थानी वाड्यांतल्या तिच्या उड्या आजही डोळ्यांत भरतात. मारामारी पुढे पुढे एकसुरी होते, हे त्या गेमवर प्रेम असूनही सांगतो. तो आधी इंग्रजीत बोलला आणि सुधारित आवृत्तीत हिंदीत. पुण्यात घडलेल्या गेममध्ये मराठीही ऐकायला मिळाली असती तर मला फार आनंद झाला असता.

टोरंटोतल्या एका तमिळ मुलाने सोबत्यांना घेऊन ‘वेन्बा’ केला. आईचं फाटकं पाककृतीचं पुस्तक, कॅनडातलं छोटंसं स्वयंपाकघर, आणि पहिलंच कोडं म्हणजे इडलीपात्राच्या ताटल्या वाफ वरपर्यंत जाईल अशा रचायच्या. दीड-दोन तासांचा गेम, सॅन फ्रान्सिस्कोच्या स्वतंत्र गेमच्या महोत्सवात २०२४चा सर्वोच्च पुरस्कार. न्यूजर्सीत, सिंगापुरात, मेलबर्नमध्ये मराठी संगणक अभियंते खोऱ्याने आहेत. मंडळांच्या गणेशोत्सवासाठी जीव टाकतात. त्यांच्यातल्या चौघांनी एवढं करायला काय हरकत आहे?

शेवटचं कारण घरातलं आहे. हे सगळं व्यसन आहे, पोरं बिघडतात. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता दिली. कायद्याने जो फरक केला तो आपल्या बातम्या आणि चर्चा अजून करत नाहीत. रमीत पगार घालवून कर्जबाजारी झालेला माणूस आणि ‘एक्स्पिडिशन ३३’ संपवून रडलेली मुलगी यांना एकाच मथळ्याखाली कोंबतात. रमीने घरं मोडली आहेत, तो जुगार बंद झाला हे चांगलंच झालं. पण दुसरीने एक कलाकृती अनुभवली आहे, आणि तिला त्याबद्दल घरात बोलता यायला हवं. आईबापांनो, एकदा शेजारी बसून ते पहिलं बंदराचं दृश्य बघा. अर्धा तास लागतो.

‘इन्फिनिटी कॅसल’ ही तीन चित्रपटांची मालिका आहे. पहिला झाला, दोन बाकी आहेत. वितरकांनो, मराठी डब करायला पुरेसा वेळ हातात आहे. वाचकांनो, पुढचा भाग जाहीर होईल तेव्हा तिकीट काढण्याआधी वितरकाला आणि चित्रपटगृहाला लेखी विचारा की मराठी खेळ कधी लावणार. आणि तो लागला तर फुकटात उतरवू नका, तिकीट काढून बघा.